शेवटच्या ओळीतलं नाव

आमच्या घरात अर्ज लिहायचं काम पप्पांचं होतं. ते गवंडी होते आणि सातवीपर्यंत शिकलेले. पण साखऱ्यात कुणाला घरकुलासाठी, विहिरीसाठी, निराधारच्या पगारासाठी अर्ज लिहायचा असला की माणूस संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. पप्पा हातपाय धुऊन यायचे, नखांतलं सिमेंट काडीनं खरवडून काढायचे आणि मग पेन उचलायचे. ‘प्रति, मा. तहसीलदार साहेब, सेनगाव’ एवढं लिहून झालं की थोडं थांबायचे. कागद हातभर लांब धरून, एक डोळा बारीक करून बघायचे, भिंत बघावी तसा.

त्यामुळे अर्ज कसा लिहायचा हे मला येतं असं मला वाटत होतं.

पप्पा मागच्या हिवाळ्यात गेले. शेजारच्या गावात स्लॅबचं काम चालू होतं. दुपारी छातीत दुखायला लागलं म्हणून खाली उतरले आणि वाळूच्या ढिगावर बसले. तिथंच संपलं. मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजच्या लायब्ररीत होते. बी.ए.चं पहिलं वर्ष. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत. परीक्षा दिली हे माहीत आहे, कारण निकाल आहे. मी रडले नाही. सुरुवातीला आईला त्याची काळजी वाटायची, मग तिनंही सोडून दिलं. भूक लागायची, झोप यायची, एस.टी.चा पास संपला की मी नवा काढायचे. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच गाल बोटाला लागतो पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी होतं. मी त्याची सवय करून घेतली होती.

दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाल्यावर मराठीच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. पुण्यातली एक संस्था तरुण मुलामुलींना काहीतरी नवं करण्यासाठी थोडा निधी देते, असं म्हणाले. नाटक, चित्रं, गाणी, पुस्तक, काहीही. “तुझे वडील गाणी लिहायचे ना? तू एकदा वर्गात म्हणाली होतीस.”

पप्पांची गायन पार्टी होती. जयंतीला, पौर्णिमेला, कुणाच्या घरभरणीला ते जायचे. एक हार्मोनियम, एक ढोलकी, मागं दोघं झील धरायला. बाबासाहेबांची गाणी, बुद्धाची गाणी. लोखंडी पेटीत त्यांच्या चार वह्या होत्या. त्यांतल्या गाण्यांचं एक लहान पुस्तक करायचं आणि गाणी रेकॉर्ड करून ठेवायची, असं सरांनीच सुचवलं. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर गाण्यांचा विचार मी केलाच नाही. फॉर्ममध्ये चौकटी होत्या. चौकट दिसली की ती भरायची, एवढं मला त्या दिवसांत जमत होतं.

शनिवारी गावाकडं गेले तेव्हा आईनं खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढून दिली. घरातले सगळे दाखले त्या पिशवीत असतात. ती दिवसभर सोयाबीनचं खुरपण करून आली होती, बोटं हिरवी झाली होती, म्हणून तिनं पिशवीला नुसत्या मनगटांनी धरलं होतं.

“उत्पन्नाचा जोडला का?” तिनं विचारलं.

“जोडला.”

“जातीचा?”

“व्हय.”

“त्यायच्या मयताचा?”

“तोबी जोडला.”

“राशनकार्ड ऱ्हायलं बघ. ते जोडल्याबिगर कोणी ईचारत न्हाई.”

मी राशनकार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले. ‘तुमच्या प्रकल्पाविषयी पाचशे शब्दांत लिहा’ अशी चौकट होती. त्यात मी लिहिलं की मी अत्यंत गरीब कुटुंबातील विद्यार्थिनी असून माझ्या वडिलांचे छत्र हरपले आहे, आई मजुरी करते, घरी शेती नाही, तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला निधी मंजूर करावा ही नम्र विनंती. दोनदा वाचून बघितलं. पप्पांनी लिहिला असता तसाच झाला होता. चुकीचा एकही शब्द नव्हता. पाठवून दिला.

चार दिवसांनी फोन आला. मी खोलीवर होते. आम्ही दोघी मिळून एक खोली करून राहतो, मैत्रीण वारंगा फाट्याची आहे, तिच्या वडिलांचं तिथं पंक्चरचं दुकान आहे. ती मागं भांडी घासत होती.

फोनवर त्या संस्थेच्या मॅडम होत्या. त्या म्हणाल्या की शेवटच्या तारखेच्या आधी आलेले अर्ज त्या वाचतात आणि काही कमी असेल तर कळवतात. आवाज चांगला होता, घाईचा नव्हता.

“तुमचा अर्ज वाचला. वडिलांचं कळलं, वाईट वाटलं. पण एक विचारू? तुम्ही काय करणार आहात ते यात कुठं आहे?”

मी म्हणाले, “पुस्तक करणार आहे मॅडम. गाण्यांचं.”

“ते नावात आहे. पण आत एकही गाणं नाही. एक ओळसुद्धा नाही. अकरा दाखले आहेत.”

‘राशनकार्ड ऱ्हायलं बघ’ असं आई म्हणाली होती ते आठवलं.

“तुम्ही गरीब आहात हे आम्हाला पटवून द्यायची गरज नाही,” त्या म्हणाल्या. “ती गाणी का राहिली पाहिजेत ते सांगा. ती कशी आहेत, कुणाची आहेत, तुम्ही त्यांचं नेमकं काय करणार, कुणाकडून गाऊन घेणार. तीन मिनिटांचा एक नमुना जोडा. आणि रचना वडिलांच्या आहेत याचं कुणाचं तरी संमतीपत्र. आठ दिवस आहेत अजून.”

फोन ठेवल्यावर मैत्रिणीनं विचारलं, “काय म्हणली बाई?”

“सगळं पुन्हा लिहायचं म्हणली.”

“का गं? दाखले कमी पडले का?”

“जास्त झाले.”

“जास्त?” ती हातातलं ताट घेऊन दारात येऊन उभी राहिली. “आजपर्यंत कोणाला दाखले जास्त झाले म्हणून ऐकलं न्हाई मी. आमच्या पप्पाला सांगते. लई हसतील.”

वह्या मी सोबत आणल्या होत्या, पण उघडल्या नव्हत्या. त्या दिवशी उघडल्या. शंभर पानी वह्या, पाठीवर पाढे छापलेल्या. पप्पांचं अक्षर अर्जातलं होतं तसंच, सरळ उभं. पहिलं गाणं संपलं तिथं शेवटच्या ओळीत एक नाव होतं. या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत असते, ते मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते नाव पप्पांचं नव्हतं. दुसऱ्या गाण्यातही नव्हतं. मी चारही वह्यांची पानं उलटली. पन्नासेक गाणी होती आणि जवळजवळ सगळ्यांच्या शेवटच्या ओळीत तेच एक नाव होतं. ते एका मुसलमान माणसाचं नाव होतं.

मी आईला फोन केला.

“ते तर उस्तादाचं नाव हाय,” आई म्हणाली. “हट्ट्याचे टेलर. तुहे पप्पा लग्नाआधी तिकडं कामाला होते, तवा त्यायच्यापाशी पेटी शिकले. त्यायचं नाव घेतल्याबिगर गाणं संपवतच न्हवते.”

“मग गाणी कोणाची आहेत?”

“आता ते मला काय ठाव? पप्पायचीच असतील. रात्रंदिवस तर लिहीत बसायचे.”

“आई, असतील म्हणून चालत नाही. लिहून द्यावं लागतं.”

आई म्हणाली, “उस्तादाला त्यायचं गेलेलं कळवलं न्हाई आपून. कोणाच्या ध्यानातच आलं न्हाई.”

मैत्रीण म्हणाली, “शेवटची ओळ टाईपच करू नको ना. न्हाईतर तिथं तुझ्या पप्पाचं नाव टाक. पुण्याहून कोण बघायला येऊन राहिलं?”

मी तसं करून पाहिलं. सांगताना लाज वाटते, पण केलं. एक गाणं मोबाईलवर टाईप केलं आणि शेवटच्या ओळीत उस्तादांच्या जागी पप्पांचं नाव लिहिलं. पडद्यावर ते चांगलं दिसलं, कुणालाही शंका आली नसती. मग हळू आवाजात वाचून पाहिलं, तर त्या नावापाशी जीभ अडखळली. पुन्हा वाचलं, पुन्हा तिथंच अडखळले. मला वाटलं, त्यांचं नाव तोंडून घेण्याची सवय मोडली असेल. मी ते पुसून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी हट्ट्याला जायचं ठरवलं.

हिंगोलीहून औंढा, औंढ्याहून वसमत आणि वसमतहून दुसरी गाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद गुडघ्याएवढी झाली होती, रुंद पानांवर पाणी साचलेलं होतं. मांडीवर पिशवी आणि पिशवीत चार वह्या. काय बोलायचं ते मी मनात ठरवत होते, पण प्रत्येक वाक्य ‘विनंती’नं संपत होतं.

शिलाईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. शाळेच्या गणवेशाचे दिवस होते, निळ्या कापडाचा ढीग लागला होता. मशीनवर एक म्हातारे बसले होते. पांढरी दाढी, गळ्यात टेप, नाकावर चष्मा. मी दारात उभी राहिले.

“माप द्यायचं का बेटी?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“नाही चाचा. मी साखऱ्याहून आले.”

“साखरा?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “साखऱ्याचा एक गवंडी होता माझ्यापाशी.”

“मी त्यांचीच मुलगी.”

“अरे वा!” त्यांचं तोंड एकदम हसरं झालं. मशीन मात्र चालूच होतं. “आणि तो काहून न्हाई आला? मोठा मिस्त्री झाला आता, फुरसत न्हाई? त्याला सांग, उस्ताद मेल्यावर येशील का मिट्टी द्यायला? सांग बराबर असंच.”

मी म्हणाले, “पप्पा वारले. सात महिने झाले.”

फॉर्ममध्ये तारीख भरावी तशा आवाजात मी ते बोलले. माझं मलाच ऐकू आलं.

त्यांनी मशीन थांबवलं नाही. पायांखालचं पायडल तसंच हलत राहिलं. पॅन्टची एक लांब शिवण चालू होती, ती त्यांनी टोकापर्यंत नेली. दोरा तोडला. कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग चष्मा काढून हातात धरला.

“आत ये,” ते म्हणाले. “बस.”

सुनेनं चहा आणला. कसं झालं, कुठं झालं, ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. वाळूच्या ढिगाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “वाळू चाळून घ्यायचा तो. दुसऱ्याच्या कामावरबी.” एवढंच. माझा चहा गार झाला होता, मी तो प्यायले.

मग मी अर्जाचं सांगितलं. निधी, पुस्तक, तीन मिनिटांचा नमुना, संमतीपत्र.

“सरकारी हाय का ते?”

“नाही.”

“मग तू दाखले काहून जोडले?”

“माझी चूक झाली.”

“चूक न्हाई. तुह्या बापाची आदत. मला एकदा रेशनचा अर्ज लिहून दिला त्यानं. वाचून मलाच माझी दया आली.” ते हसले, मग हसणं मध्येच सोडून दिलं. “दाखव वह्या.”

मी म्हणाले, “चाचा, सगळ्या गाण्यांत तुमचं नाव आहे. ती तुमची आहेत का?”

मला भीती वाटायला हवी होती. ते हो म्हणाले असते तर अर्जातलं सगळंच गेलं असतं, आणि पप्पांनी आयुष्यभर लिहिलं असं आम्ही जे समजत होतो तेही गेलं असतं. मी उत्तराची वाट बघत होते, पण दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी आल्यासारखी.

“वाचत जा,” ते म्हणाले. “डोळ्याची तकलीफ हाय मला, अक्षर दिसत न्हाई. कान बराबर हायत.”

ते पुन्हा मशीनवर बसले, कारण दुसऱ्या दिवशी गणवेश द्यायचे होते. मी खाली सतरंजीवर बसून एकेक गाणं वाचायला लागले. एखादं कडवं झालं की ते मशीन थांबवून सांगायचे.

“हे माझं. पुढं.”

“हेबी माझं. दुसरी ओळ चुकवली त्यानं, पण असू दे.”

“हे कोणाचंच न्हाई. मेळ्यातलं हाय, सगळेच म्हणतात.”

अर्धी वही झाली तरी पप्पांचं एकही निघालं नाही. मी वाचत राहिले. पेन्सिलनं कोपऱ्यात खुणा करत राहिले. मग एका गाण्याच्या या ओळी आल्या:

दोरी धरली तुमी, ओळंबा सोडला तुमी,
त्याच दोरीनं बाबा, घर बांधतो आमी.

मशीन थांबलं.

“हे त्याचं,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“ओळंबा हाय ना त्याच्यात. मी जिंदगीत वीट उचलली न्हाई. माझ्या गाण्यात ओळंबा कुठून येईल? माझ्या गाण्यात सुई येईल, धागा येईल, गुलाब येईल. तुह्या बापाच्या गाण्यात गुलाब आला तर मला सांग.”

त्यानंतर मलाही ओळखू यायला लागलं. उभं राहायची बांबूची पायाड आली, गिलावा आला, पाण्यानं भिजवलेली वीट आली, भिंत घोटायचा रंधा आला, कोपरा गुण्यात, काटकोनात, आणायचं आलं. बाबासाहेबांनी रचलेली पायाची ओळ आली. मी खूण करायच्या आधी ते मान हलवायचे. चार वह्या संपायला दुपारचे तीन वाजले. पन्नासेक गाण्यांतली तेरा पप्पांची निघाली.

तेरा म्हणजे कमी होती. मी मनात पन्नास धरून आले होते. त्या तेरा गाण्यांवरच्या पेन्सिलच्या खुणांवरून मी दोनदा बोट फिरवलं हे आठवतं.

“मग त्यांनी स्वतःचं नाव का नाही घातलं?” मी विचारलं.

“मी लई म्हणलो. शागिर्द तयार झाला की आपलं नाव घालते, ती रीतच हाय. तो म्हणायचा, पुढच्या गाण्यात घालतो उस्ताद.” त्यांनी हात झटकला. “इज्जत करायचा माझी. जाऊ दे. कागद आण, काय लिहायचं ते तू लिही, मी सही करतो.”

मापाच्या वहीचा एक कागद त्यांनी फाडून दिला. मी लिहिलं की खाली दिलेली तेरा गीते साखरा येथील माझ्या शिष्याची आहेत, शेवटच्या ओळीत माझे नाव असले तरी शब्द त्याचे आहेत. त्यांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि उर्दूत सही केली. ‘विनंती’ हा शब्द त्या कागदात कुठंच आला नाही. ते मला नंतर गाडीत लक्षात आलं.

नमुना राहिला होता. हार्मोनियम कपाटावर होती, तिच्यावर कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं. सुनेनं खाली काढून दिली. दोन पट्ट्या बसलेल्या होत्या. “वाजवून लई दिवस झाले. हसू नको,” ते म्हणाले. मी मोबाईल निळ्या कापडाच्या ढिगावर टेकवून ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं.

ओळंब्याचंच गाणं त्यांनी धरलं. आवाज फाटलेला होता, पण पहिल्या ओळीनंतर तो गाण्याला लागला. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. शेवटचं कडवं आलं आणि सवयीनं त्यांच्या तोंडून त्यांचंच नाव गेलं. ते थांबले.

“थांब. त्याचं घेतो. पुन्हा लाव.”

दुसऱ्यांदा ते तिथपर्यंत आले आणि पप्पांचं नाव घेतलं. गाणं तिथं अडकलं. नाव आधी संपलं आणि चाल पुढं राहिली. खोलीवर माझी जीभ अडखळली होती तीच ही जागा होती. त्यांनी नुसत्या हार्मोनियमवर ती जागा दोनदा वाजवून पाहिली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडं बघितलं.

“बसंना,” ते म्हणाले. “नाव तोकडं हाय. माझं लांब हाय, बराबर बसते. त्याचं बसत न्हाई.”

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

“हरामखोर,” ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. “तीस वर्षं मला वाटलं इज्जत करून राहिला. नाव बसत नव्हतं म्हणून माझं घातलं की काय त्यानं?”

सून तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते लगेच थांबलं. कारण खरं काय ते विचारायला आता कुणीच नव्हतं.

उस्तादांनी हार्मोनियमचा भाता बंद केला, उघडला. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत चाल धरली. मग म्हणाले, “गाव जोडू. साखऱ्याचा अमका म्हणे, असं घेऊ. लाव ते.”

तिसऱ्यांदा ते गायले. ‘साखऱ्याचा’ म्हणून पप्पांचं नाव घेतलं आणि ओळ भरली. कुठंही कमी पडली नाही, जास्त झाली नाही. शेवटचा सूर त्यांनी थोडा लांबवला. मोबाईलवर दोन मिनिटं बावन्न सेकंद झाले होते.

त्या आठवड्यात मी अर्ज नव्यानं लिहिला. हे काम सोपं नव्हतं. प्रत्येक वाक्यात हात आपोआप जोडले जायचे, ते मी सोडवत बसायचे. मी लिहिलं की चार वह्यांत पन्नासेक गाणी आहेत, त्यांतली तेरा एका गवंड्यानं रचलेली आहेत. ती त्याची आहेत हे त्यांच्यातल्या अवजारांवरून कळतं. ओळंब्याच्या दोन ओळी लिहिल्या. चाली हट्ट्याच्या एका टेलरनं शिकवलेल्या आहेत, ते अजून गातात आणि त्यांचं वय झालेलं आहे. छापताना शेवटची ओळ वहीत आहे तशीच राहील, उस्तादांच्या नावासकट, कारण ती तशी लिहिली गेली आणि गावोगाव तशीच म्हटली गेली. गाण्याखाली रचनाकार म्हणून माझ्या वडिलांचं नाव येईल. उस्ताद गाताना दोन्ही प्रकारे गातील. आणि मी काय करणार, तर ऐकणार, उतरवून घेणार, कोणतं कुणाचं ते विचारत फिरणार. ‘अर्जदाराचं कौशल्य’ अशी एक चौकट होती. तिच्यात काय लिहावं ते कळेना. शेवटी लिहिलं, ‘मला वडिलांचं अक्षर वाचता येतं.’

दाखले काढून टाकले. फक्त मापाच्या वहीतला तो कागद आणि गाण्याचा नमुना जोडला.

आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. “उत्पन्नाचाबी न्हाई जोडला? मंग ते काय बघून देतील गं?”

“गाणं बघून.”

“गाणं बघून कोणी पैसे देते का?” ती म्हणाली. आणि शेवटी, “तुही मर्जी.”

उस्तादांनी काय सांगितलं ते मी तिला सगळं सांगितलं, तेरा गाण्यांचंही. नमुन्याचं मात्र बोलले नाही. ती ऐकव म्हणाली असती, आणि ती ऐकताना मला तिच्याजवळ बसायचं नव्हतं. ती रडेल आणि मी नुसती बघत राहीन, हे मला माहीत होतं.

सोयाबीन निघालं तेव्हा ई-मेल आला. माझा अर्ज मंजूर झाला होता. मी हिंगोलीच्या बसस्टँडवर सेनगावच्या गाडीची वाट बघत होते. ई-मेल दोनदा वाचला, मोबाईल पिशवीत ठेवला आणि गाडी लागल्यावर खिडकीची जागा धरली. मैत्रीण नंतर म्हणाली की मी तिला हे सांगायला दोन दिवस लावले.

घरी पोचले तेव्हा आई चुलीपुढं होती. शेंगदाणे कुटून वांग्याची भाजी टाकली होती. मी सांगितलं. तिनं उलथनं खाली ठेवलं.

“मिळाले?”

“मिळाले.”

“दाखल्याबिगर?”

“व्हय.”

तिनं भिंतीवरच्या खुंटीकडं, त्या पिशवीकडं बघितलं. मग विचारलं, “पुस्तकात त्यायचं नाव येईल का?”

“येईल. प्रत्येक गाण्याखाली.”

“आणि गाण्यात?”

मी पिशवीतून मोबाईल काढला. आता न ऐकवण्याला काही कारण उरलं नव्हतं. मी रेकॉर्डिंग लावलं आणि मोबाईल चुलीपासून जरा लांब, पाटावर ठेवला. हार्मोनियम वाजायला लागली. आई उस्तादांच्या आवाजाला नुसती मान हलवत होती, जुन्या ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. शेवटचं कडवं आलं. साखऱ्याचा, असं उस्ताद म्हणाले, आणि मग पप्पांचं नाव.

मला कळायला लागल्यापासून आईनं ते नाव कधी तोंडातून काढलेलं मी ऐकलं नव्हतं. रेकॉर्डिंग संपलं.

“पुन्यांदा लाव,” ती म्हणाली.

मी पुन्हा लावलं. यावेळी तिनं मान हलवली नाही. शेवटच्या ओळीला तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण हलले ते मी बघितलं. ती रडली नाही. माझ्या मात्र हातावर काहीतरी पडलं म्हणून मी बघितलं, तर पाणी होतं. मला वाटलं भाजीची वाफ असेल. तेवढ्या लांब वाफ येत नव्हती.

“आणखी एकदा,” आई म्हणाली, आणि मग लगेच, “ऱ्हाऊ दे आता. भाजी करपून राहिली.”